पहिल्या दिवसाची टेप

मंगळवारी सकाळी बेल वाजली तेव्हा थोरला चहात साखर घातली की नाही हे आठवत बसला होता. अर्धा कप पिऊनही त्याला ते कळलं नव्हतं.

दारात एक वाळका, उंच माणूस उभा होता. आजारी पोराला डॉक्टरकडे आणावं तसं त्याने एक मोठं चौकोनी खोकं छातीशी धरलं होतं.

"हरवलेलं शोधून देतात त्या ताई इथेच राहतात ना?"

"इथेच," आतून धाकटी ओरडली. "काय हरवलंय?"

"हरवलं नाही हो." माणूस खोक्याकडे बघून म्हणाला, "आहे. हे काय. पण आत काही उरलं नाही."

धाकटी आणि थोरला ही सख्खी भावंडं. शाळेत मास्तरांनी ठेवलेली ही नावं दोघांना जन्माची चिकटली. धाकटी बावन्न वर्षांची, वीस वर्षं खाजगी तपासाचं काम करणारी. नाक सुईसारखं, जीभही तशीच. थोरला जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली आणि धाकटीने त्याला सामानासकट उचलून आपल्या घरी आणलं. त्याचं काम म्हणजे गाडी चालवणं, दार उघडणं आणि चुकीचे अंदाज बांधणं. तिसरं काम तो फार मन लावून करायचा.

बाकी कशातच त्याचं मन लागत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने भूल दिली की ओठ आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. रडू आलं नाही. लोक म्हणाले, येईल. अजून आलं नव्हतं.

पाहुण्याने खोकं टेबलावर ठेवलं. "मी दूरचित्रवाणी केंद्राचा अभिलेखपाल. म्हणजे जुन्या टेपा सांभाळतो. एकोणचाळीस वर्षं झाली. सगळे मला कपाटमामा म्हणतात."

देशभर जाळं पसरलेल्या वाहिनीचं ते मुख्य केंद्र. पहिलं आणि सगळ्यात मोठं. येत्या शुक्रवारी त्याला पन्नास वर्षं होणार होती.

"ही आमच्या पहिल्या दिवसाची टेप. जगात एकच. शुक्रवारी दाखवायची होती. शुक्रवारी दुपारी, म्हणजे मागच्या, मी जुन्या यंत्रावर लावून पाहिली. आवाजाची बाजू बिघडली होती, पण चित्र स्वच्छ आलं. केंद्राचं बोधचिन्ह दिसलं, लगेच बंद केली. जुनी टेप उगाच फिरवायची नसते. काल सकाळी आवाजाचा भाग बसवला, पुन्हा लावली. नुसत्या मुंग्या."

"मुंग्या?" थोरल्याने खोक्यापासून हात मागे घेतला.

"पडद्यावरच्या, दादा," धाकटी म्हणाली. "म्हणजे टेप पुसली गेली."

"पुसली," मामा म्हणाले. "संचालकसाहेबांनी माझं पत्र टाइप करून ठेवलंय. आज पाच वाजता सही. निष्काळजीपणाबद्दल बडतर्फ. निवृत्तीला चार महिने राहिलेत माझे. आणि केंद्राच्या इतिहासाचं पुस्तक छापलं जातंय, त्याच्या शेवटच्या पानावर तेच कारण माझ्या हुद्द्यासकट येणार." हे सगळं ते दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं सांगत होते. "मला राग यायला हवा ना? येत नाहीये."

थोरल्याने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आणि तुम्हाला हे खोकं बाहेर कसं आणू दिलं?" धाकटीने विचारलं.

"कोऱ्या टेपेला कोण अडवतंय?"

*

केंद्राचं काम एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन कॅमेऱ्यांवर सुरू झालं होतं. रोज संध्याकाळी फक्त एक तास. आता त्याच जागेवर सात मजले होते आणि वरच्या मजल्यांवर प्रत्येक दाराला पट्टीचं कार्ड घासल्याशिवाय आत जाता येत नव्हतं.

संचालकसाहेब शनिवारी गावात नव्हते आणि मंगळवारीही मनाने नव्हतेच. "पाचला सही," त्यांनी सांगितलं. "त्याआधी काय शोधायचं ते शोधा. टेप बाहेर कुणी ठेवली? यांनी. मग जबाबदार कोण?"

"चोर सोडून संन्याशाला सुळी," धाकटी दाराबाहेर पडल्यावर म्हणाली. "मामा, बाहेर म्हणजे कुठे ठेवली होती?"

मामांनी तळमजल्यावरचा बोळ दाखवला. एका टोकाला थंड खोली, तिथे टेपा राहतात. दुसऱ्या टोकाला जुन्या यंत्राची खोली. "थंडीतून काढलेली टेप लगेच यंत्रावर घालायची नसते. घाम येतो तिला. तीनचार तास बाहेरच्या हवेत मुरू द्यावी लागते. शनिवारी एक वाजता मी तिला या ढकलगाडीवर ठेवलं आणि साडेचारला यंत्राच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. ते कुलूप सोमवारपर्यंत उघडलं नाही, वरची लाखेची मोहोर तशीच होती."

"मधल्या साडेतीन तासांत तुम्ही कुठे?"

"जेवलो. मग वर कार्यालयात यादी करत होतो. एकटाच."

"छान. म्हणजे साक्षीदारही नाही." धाकटी ढकलगाडीच्या बरोबर समोरच्या दारापाशी थांबली. दारावर एक पिवळी पडलेली पाटी होती: घड्याळ काढून ठेवा. शेजारी भिंतीत सहा खिळे. "हे काय?"

"पुसणीची खोली. आत मोठं चुंबक आहे. टेप वर ठेवायची, बटण दाबायचं, अर्ध्या मिनिटात सगळं साफ. पूर्वी नव्या टेपांची मारामार होती ना, म्हणून दर शनिवारी आठवड्याच्या टेपा पुसून पुन्हा वापरायचे. मी आलो तेव्हा माळ्यापासून संचालकांपर्यंत सगळे हातात टेपा घेऊन इथे रांगेत उभे राहायचे. नाटकं गेली, मुलाखती गेल्या, सगळं गेलं. पहिल्या दिवसाची तेवढी कुणीतरी कपाटामागे टाकली म्हणून वाचली."

"आणि खिळे?"

"घड्याळं अडकवायला. चुंबकाने घड्याळ बिघडतं. माझं बघा," मामांनी मनगट पुढे केलं, "एकोणचाळीस वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे नाही. आत जायच्या आधी खिळ्यालाच असतं."

खोलीला ना कार्डाची खाच होती, ना कुलूप. आता ती कुणाला लागणार होती?

"मग कुणीही येऊन पुसू शकतं," थोरला म्हणाला. "म्हणजे बाहेरचा चोर. दुसरी वाहिनी! मत्सर!"

"दादा, बाहेरचा माणूस टेप पळवेल. पुसून परत जागेवर कशाला ठेवेल?"

थोरल्याने अंदाज मागे घेतला. त्याची त्याला सवय होती.

*

बोळाच्या वळणावर तीन चौकटी टांगलेल्या होत्या. धाकटी तिथे इतकी रेंगाळली की थोरल्याने भिंतीला पाठ टेकली.

पहिल्या चौकटीत पहिल्या दिवसाचा फोटो होता. बाजूने काढलेला. मेजामागे एकोणीस वर्षांची एक मुलगी, ताठ, मोठ्या डोळ्यांची; पुढे घराघरात 'मोठ्या बाई' म्हणून ओळखली गेलेली निवेदिका. मेजावर ध्वनिग्राहक. मेजाच्या खाली अंधारात कुणाची तरी वेणी आणि पावडरचा पफ धरलेला हात.

"ती पावडरमावशी," मामांनी सांगितलं. "शेवटचा हात फिरवायला गेली आणि तेवढ्यात लाल दिवा लागला. पळायला वेळच नाही, मग बसली मेजाखाली लपून. अजून हसतात सगळे."

दुसऱ्या चौकटीत त्या दिवशीचं टाइप केलेलं निवेदन होतं. "हे आपलं दूरचित्रवाणी केंद्र. आजपासून रोज संध्याकाळी आम्ही आपल्या घरी येणार आहोत." बस, दोन वाक्यं.

"पण ते प्रसिद्ध वाक्य कुठाय?" थोरल्याने विचारलं. "'चालेल ना?' रोज म्हणायच्या त्या शेवटी. आमच्या घरी..." तो थांबला. त्याची बायको रोज पडद्याला उत्तर द्यायची. चालेल, चालेल, या. हे त्याला आठवलं, आणि आठवून काहीच झालं नाही.

"ते त्यांनी ऐन वेळी जोडलं. सुचलं म्हणे. मग लोकांना इतकं आवडलं की पस्तीस वर्षं रोज म्हटलं."

तिसऱ्या चौकटीत एका प्रेक्षकाचं पत्र होतं, केंद्राला आलेलं पहिलं. "निवेदिकेचा आवाज जरा बसका वाटला, पण आपल्या घरातलंच माणूस बोलतंय असं वाटलं. येत जा."

"मोठ्या बाईंचा आवाज आणि बसका?" थोरल्याला नवल वाटलं. "तो तर घंटेसारखा!"

"त्या म्हणतात, त्या दिवशी घसा धरला होता."

धाकटीने ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ती बोलत नसली की थोरल्याला धास्ती वाटायची. म्हणजे पूर्वी वाटायची.

*

पन्नास वर्षांवर माहितीपट करणारा तरुण त्याच्या खोलीच्या दाराशी भेटला. त्याने गळ्यातलं कार्ड दाराच्या खाचेत घासलं, टुंग वाजलं, दार उघडलं. मनगटावर काही नव्हतं. वेळ तो फोनमध्ये बघायचा.

"माझ्यावर संशय घ्या, चालेल," तो उत्साहात म्हणाला. "हरवलेली टेप म्हणजे काय जबरी सुरुवात आहे चित्रपटाला! पण खरं सांगू? मला ती हवी होती. अर्ध्या पडद्यावर तेव्हाच्या मोठ्या बाई, अर्ध्यावर आताच्या. दोघी एकदम तेच वाक्य म्हणणार. लोक ढसाढसा रडले असते."

"शनिवारी दुपारी कुठे होतात?"

"स्टुडिओत. दोन ते चार, आताच्या बाईंचं चित्रण. तीन कॅमेरे, एकही थांबवला नाही. मी जागचा हललो नाही, आणि बाई तर खुर्चीतून पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. एकोणसत्तर वर्षांच्या आहेत, पण काय बैठक! दोनची वेळ दिली होती, बरोबर दोनच्या ठोक्याला आत आल्या."

"आणखी कोण होतं?"

"पावडरमावशी. बाईंना दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, म्हणून तिला खास बोलावलंय. मध्ये एकदा बाईंचं कपाळ चमकायला लागलं तर मावशीचा पत्ता नाही. बाई म्हणाल्या, जाऊ दे, स्पंज धुवायला गेली असेल. आली पाच-सात मिनिटांनी."

"आणि बाई? काही वेगळं वाटलं त्यांच्यात?"

तरुणाचा उत्साह जरा उतरला. "वय झालं हो. शनिवारी ठीक होत्या. काल सकाळी अकराची वेळ, तर वीस मिनिटं आधीच येऊन बसल्या आणि आम्हालाच झापलं, उशीर का म्हणून. त्यांच्याबद्दल असं कधीच ऐकलं नव्हतं. लोक म्हणे त्यांच्या येण्यावर घड्याळं लावायचे."

*

रंगभूषेच्या खोलीत मोठ्या बाई आरशासमोर बसल्या होत्या. पांढरे केस, सरळ पाठ. मागे उभी असलेली पावडरमावशी बुटकी, गोल, आणि आवाज असा की कुणी घोंगडं झटकतंय.

"मान वर कर. वर म्हटलं की खाली बघतेस. पन्नास वर्षं झाली, अजून शिकली नाहीस."

"पन्नास वर्षं तू एकच गोष्ट सांगतेस," बाई म्हणाल्या.

पाहुणे टेकेपर्यंत बाईंनी डावं मनगट मावशीपुढे केलं. मावशीने न बघताच त्यांचं घड्याळ सोडवलं आणि स्वतःच्या हातात घातलं.

"हे काय, बक्षीस?" धाकटीने हसून विचारलं.

"कॅमेऱ्यात काच चमकते," मावशी म्हणाली. "आणि ही बाई कुठेही ठेवून विसरते. म्हणून हिचं काम संपेपर्यंत माझ्या हातात. पहिल्यापासूनची पद्धत आहे आमची. मी कशाला घालतेय घड्याळ? भूक लागली की जेवते, झोप आली की झोपते."

थोरला कोपऱ्यात आरशाखालच्या फळीपाशी टेकला. बोलण्यात भाग घ्यायचा नसला की तो खिशातलं होकायंत्र काढून झाकण उघडत-मिटत बसायचा. नोकरीतली सवय. त्याने ते फळीवर ठेवलं. मावशीचा हात स्पंज घ्यायला आला तशी सुई गर्रकन फिरली. हात मागे गेला, सुई जागेवर आली. हात पुन्हा आला, सुई पुन्हा त्याच्याकडे वळली.

झालं. हेही बिघडलं. त्याने ते मिटून खिशात टाकलं.

"टेप गेल्याचं वाईट वाटलं असेल," धाकटी बाईंना म्हणत होती.

बाईंनी आरशातूनच उत्तर दिलं. "वाटायला हवं होतं. काल कळलं तेव्हा मी म्हटलं, बरं. नुसतं बरं. आणि गेला महिनाभर झोप नव्हती ती काल रात्री लागली."

"महिनाभर का नव्हती?"

मावशीने पफ जरा जोरात दाबला. "म्हाताऱ्या माणसाला झोप येते का? डोळ्यांखाली बघा कसं झालं होतं, पावडरचे थर लावले तरी दिसायचं. चेहरा मी वाचते हिचा. तोंडाने ही काही सांगत नाही कधी." मग मागे सरकून, डोकं तिरकं करून तिने कामावर नजर टाकली. "हं. झालं. चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या. त्यांनी मावशीच्या मनगटावर वाकून पाहिलं. "अगं बाई, सव्वाबारा! स्टुडिओत थांबले असतील सगळे."

थोरल्याने भिंतीवर पाहिलं. तिथल्या घड्याळात बाराला दहा कमी होती.

"कपाटमामांची आज नोकरी जाणार," धाकटी उठता उठता सहज म्हणाली.

बाई वळल्या. "काय? का?"

"टेपेमुळे. पाच वाजता."

मावशी स्पंज धुवायला नळाकडे गेली होती. तिने नळ सोडला आणि पाणी तसंच वाहू दिलं.

*

उपाहारगृहात धाकटी ताटातलं चिवडत बसली.

"बाईंनीच केलं," थोरला म्हणाला. "महिनाभर झोप नाही, टेप गेल्यावर झोप. त्यांना ती टेप दाखवायची नव्हती."

"अंदाज वाईट नाही, दादा. पण त्या दोन तास तीन कॅमेऱ्यांसमोर बसून होत्या."

"मग मला नाही कळत. आज कसलंच काही कळत नाही. होकायंत्रसुद्धा गेलं. उत्तर दिशा सोडून त्या पावडरवाल्या बाईच्या हाताकडे बघतंय."

धाकटीने घास खाली ठेवला. "पुन्हा सांग."

त्याने सांगितलं. हात आला, सुई वळली. हात गेला, सुई सरळ.

"कुठला हात?"

"घड्याळाचा."

धाकटीने होकायंत्र हातात घेऊन मामांच्या घड्याळाजवळ धरून आणलं. सुई ढिम्म. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "दादा, काखेत कळसा आणि गावाला वळसा. चल. चार वाजता सगळ्यांना स्टुडिओत बोलवू."

*

स्टुडिओत शुक्रवारसाठी पहिल्या दिवसासारखंच मेज मांडलं होतं. मोठ्या बाई त्यामागे बसल्या, कारण दुसरी खुर्ची नव्हती. साहेब पत्राची फाइल घेऊन उभे होते. मामा, तरुण, मावशी कॅमेऱ्यांच्या आजूबाजूला.

"टेप अर्ध्या मिनिटात पूर्ण पुसली जाते ती फक्त समोरच्या खोलीत," धाकटीने सुरुवात केली. "कुलूप नाही, किल्ली लागत नाही. वेळ, शनिवारी एक ते साडेचार. आता त्या चुंबकाची एक खोड आहे. ते टेप पुसतं आणि सोबत आलेल्यालाही सोडत नाही. या तरुणाच्या गळ्यात चुंबकी पट्टीचं कार्ड आहे. ते घेऊन हा चुंबकाशी गेला असता, तर कार्ड मेलं असतं. आज माझ्यासमोर त्याने त्याच कार्डाने दार उघडलं. हा नाही."

"मी आधीच म्हटलं होतं," तरुण म्हणाला.

"मामांचं घड्याळ बरोबर आहे. पण तेवढ्याने ते सुटत नाहीत. ते नेहमी घड्याळ खिळ्याला लावूनच आत जातात. ते सुटतात, कारण दुसरं एक घड्याळ चुकतंय." ती वळली. "बाई, शनिवारी दोनला तुम्ही ठोक्याला हजर होतात. सोमवारी वीस मिनिटं आधी. आज पंचवीस मिनिटं पुढे. लोक म्हणतात वय झालं. वय नाही झालं, घड्याळ पळतंय. चुंबक लागलं की काटे धावायला लागतात. आमच्या दादाच्या होकायंत्राने ते घड्याळ ओळखलं."

साहेब दचकले. "मोठ्या बाई?"

"बाई खुर्चीत होत्या. तीन कॅमेरे साक्षीला आहेत. खुर्चीत नव्हतं ते त्यांचं घड्याळ. काम चालू असताना ते कुणाच्या हातात असतं?"

कुणीच मावशीकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांना समजलं होतं.

"मावशी, त्या खोलीची रीत तुम्हाला माहीत आहे. वर्षानुवर्षं त्या रांगेत तुम्हीही उभ्या राहिलात. पण तुम्ही कधी घड्याळच घातलं नाही, त्यामुळे ती पाटी तुमच्यासाठी नव्हतीच. जे घालतच नाही, ते काढायचं कसं सुचणार?"

"पण का?" मामांनी विचारलं. त्यांचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा हलला. "सगळं केंद्र जपतंय ती टेप. तुम्ही का, मावशी?"

"ते बाहेर भिंतीवर टांगलंय, मामा. फोटोत मेजाखाली, ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळ, मावशी. निवेदनात 'चालेल ना?' नाही. ते कुणाच्या तोंडचं आहे, हे आज रंगभूषेच्या खोलीत मी ऐकलं. हात फिरवून झाला की कोण विचारतं तेही. आणि पहिलं पत्र म्हणतं, आवाज बसका." धाकटी मेजाकडे वळली. "त्या दिवशी चेहरा बाईंचा होता. आवाज नव्हता."

मावशी शेजारच्या कॅमेऱ्याला टेकली.

"दातखीळ बसली हिची," ती म्हणाली. "लाल दिवा लागला आणि हिचं तोंड उघडं ते उघडंच. शब्द नाही. मी खाली बसलेली. चाळीस वेळा पाठ करून घेतलं होतं हिच्याकडून, मला पाठच होतं. म्हटलं. ही ओठ हलवत राहिली. शेवटी सवयीने ते 'चालेल ना' पण निघून गेलं. आवाजवाले आणि कॅमेरावाले दोघांना कळलं होतं, ते दोघंही केव्हाच गेले. बाकी कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ही बोलायला लागली ती पस्तीस वर्षं थांबली नाही."

"आणि शुक्रवारी ती टेप आवाजासकट लागणार होती," धाकटी म्हणाली.

"मोठ्या पडद्यावर. अर्ध्यात ती, अर्ध्यात ही." मावशीने तरुणाकडे पाहिलं. "रोज हिच्या डोळ्यांखाली बघत होते मी. तोंडाने बोलली नाही. मी ठरवून नव्हते गेले. स्पंज धुवायला निघाले, तर ती गाडीवर पडलेली, वर पहिल्या दिवसाची तारीख. उचलली, ठेवली, बटण दाबलं. काही वाटलं नाही. भांडं घासल्यासारखं."

"आणि मामांचं कळल्यावर?" साहेबांनी विचारलं.

"आज दुपारी कळलं. तेव्हापासून सांगायला तोंड उघडतेय, शब्द नाही निघत." ती मामांकडे वळली, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकली नाही. "आता कळलं त्या दिवशी हिचं काय झालं असेल ते."

साहेबांनी फाइलमधून पत्र काढलं, दोनदा दुमडलं आणि खिशात घातलं. "तुमचं काही नाही, मामा. उद्या या."

"येतो," मामा म्हणाले. मग जरा वेळाने, "टेप मात्र गेली."

"या मावशींवर काय ते बघू. आणि बाकीचं इथेच राहू दे," साहेब म्हणाले. "टेप नाही म्हणजे पुरावा नाही. पुस्तकात आहे तेच राहील. पहिला आवाज, मोठ्या बाई."

मोठ्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी तरुणाला खूण केली. "कॅमेरा लाव."

"बाई, आता?"

"लाव."

लाल दिवा लागला. बाई सरळ बसल्या आणि त्या घंटेसारख्या आवाजात, बातमी वाचावी तसं म्हणाल्या, "पन्नास वर्षांपूर्वी या केंद्रावरून जो पहिला आवाज गेला, तो माझा नव्हता. तो मेजाखाली बसलेल्या एका मुलीचा होता. पुरावा नाही. मी सांगते म्हणून धरा."

"अगं!" मावशी धावत मेजापाशी आली. "अगं, मग मी पुसलं कशाला?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"मामांची नोकरी जात होती माझ्या पायी. जन्मभराचं जपलेलं एका मिनिटात गेलं. कशाला मग?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

बाईंनी खरंच विचार केला. इतका वेळ केला की थोरल्याला वाटलं, त्यांची पुन्हा दातखीळ बसली. त्याने श्वास रोखून धरला होता, आणि आपण तो रोखलाय हे त्याला जाणवलंही.

"पुस म्हणाले असते," बाई म्हणाल्या.

मावशीने मान हलवली. कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं पायाने ढकलत आणलं आणि त्यावर बाईंच्या शेजारी बसली. मेज उंच असल्यामुळे तिचा चेहरा जेमतेम वर आला. समोर दिवा लाल होता. तरुणाने कॅमेरा बंद केला नाही.